कोर्ट उठेपर्यंत

यंत्रमागाचा कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे यांनी, पन्नाशी ओलांडली होती. वर्षभर घरी बसल्यावर भवानी पेठेतल्या एका शाळेत वॉचमनची जागा निघाली. मुख्याध्यापक म्हणाले, "पुढच्या महिन्यात या. येताना पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा आणा." मी तर सगळ्या गल्लीला सांगूनसुद्धा टाकलं.

त्याच आठवड्यात बोळात पत्त्यांचा डाव बसला होता. हे नुसते उभं राहून बघत होते. यांना राजा कुठला नि गुलाम कुठला, तेही कळायचं नाही. पोलीस आले आणि खेळणारे, बघणारे, सगळ्यांनाच घेऊन गेले. जुगाराचा गुन्हा. संध्याकाळी सोडलं, पण कोर्टाची तारीख हातात दिली.

तारखेला मीही गेले. डावातला आमचा शेजारी म्हणजे कोर्टाचं जुनं गिऱ्हाईक. व्हरांड्यात मला समजावायला लागला, "वहिनी, कबूल म्हणायचं, दंड भरायचा, जेवायला घरी. न्हाय म्हटलं की तारखा. मग दोन वर्सं हितंच चटई टाका."

"पण मी खेळलोच न्हाय की," मालक म्हणाले.

"ते तुमाला ठाऊक. कागदाला कुटं ठाऊक हाय?"

माझ्या डोळ्यांपुढे शाळेचं फाटक. नव्या नोकरीत दर तारखेला रजा कोण देणार? मी म्हटलं, "कबूल म्हणा. आजच्या आज मिटवून टाका."

न्यायाधीश बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. बाकीचे पटापट कबूल म्हणाले. यांची पाळी आली, तर हे गप्प. बाईंनी परत विचारलं, "कुणाचा दबाव आहे का? वकील हवा असेल तर सरकारकडून फुकट मिळतो." यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"कबूल हाय."

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची शिक्षा. ही शिक्षा असते हेच मला माहीत नव्हतं. शेजारी हळूच म्हणाला, "वहिनी, डबा आणलाय का?" हे मागच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले. पाणी प्यायला उठलं तर चालेल का, म्हणून मी शिपायाला विचारलं. तो हसला, "जा की मामा, कोण खातंय तुमाला?" तरी हे उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी नाही.

दाखला आला तर त्यावर तो गुन्हा. शिक्षा झाली म्हणून लिहिलेलं. मुख्याध्यापकांचाही चेहरा पडला. "मला माणूस कळतो हो मामा, पण संस्था कागद बघते."

मी एकटीच परत कोर्टात गेले, त्या फुकट वकिलाच्या खोलीत. वकील बाईंनी सगळं वाचलं. आवाज लई मऊ होता त्यांचा. "आजी, त्यांनी स्वतः कबूल केलंय. आता शिक्षा कमी करा असं म्हणता येईल. मी केलंच नाही, असं म्हणता येणार नाही."

घरी येऊन मी यांना सांगितलं आणि रडले. हे म्हणाले, "रडू नको. बाईंनी दोनदा विचारलं. हो म्हटलं ते मीच की."

एक शब्द बोलले नाहीत मला, तेव्हाही नाही, पुढेही नाही. फक्त त्यानंतर काहीही विचारलं, भाजी कुठली करू, लेकीकडे कधी जायचं, तरी यांचं एकच उत्तर.

"तू म्हणशील तसं."