कोल्हिणीच्या पंजातला लाल-पांढरा दोरा

बल्गेरियात, सोफिया शहरातल्या बाहुलीपटांच्या स्टुडिओत स्तामेना कल्पाकोवा एकोणीस वर्षं जनावरांना कातडी शिवत होती. ससा, अस्वल, लांडगा, साळिंदर, सगळे तिच्या टेबलावर नुसत्या तारेच्या सांगाड्यानिशी यायचे आणि अंगभर केस लेवून जायचे. बाप केसाळ टोप्या शिवणारा, त्यामुळे कातड्याची जाण तिला लहानपणापासूनची. पण एकोणीस चित्रपटांच्या शेवटी पडद्यावर जी नावं यायची, त्यांत दिवे लावणाऱ्याचं असायचं, स्टुडिओच्या गाडीच्या ड्रायव्हरचंसुद्धा असायचं. तिचं नसायचं. शिवणकाम म्हणजे काही कला नव्हे, असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलं होतं.

दर नव्या चित्रपटाला ती बहिणीला, दोब्रिनाला, घेऊन जायची. पोरंटोरं दाराकडे पळाली तरी या दोघी शेवटची पाटी सरकेपर्यंत जागच्या हलत नसत. मग दोब्रिना पर्स उचलत म्हणायची, "चल गं. गाडीवाला होता, तू नव्हतीस." स्तामेनाला मनापासून राग यायचा, आणि तो बहिणीवर नसायचा.

विसावा चित्रपट कोल्हिणीचा होता. गोष्ट तीच, आमच्याकडे रांगत्या पोरालाही पाठ असलेली. कोल्हीण भर बर्फात रस्त्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडते, गाडीवान तिला बायकोच्या कोटासाठी मासळीच्या गाडीत टाकतो, आणि ही मागच्या मागे एकेक मासा रस्त्यावर भिरकावत सुटते. दिग्दर्शक होता खारालांपी, स्तामेनापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट. बाहुल्या हलवायचं काम मिन्चोचं. तो कोल्हिणीला केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचा, पुन्हा केसभर हलवायचा. दिवसाकाठी पडद्यावरचे पाच-सहा सेकंद झाले की तो खूश. बोलायचा मात्र वर्षातून चार वाक्यं.

एक मार्च उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे मनगटावर मार्तेनित्सा बांधतात. लाल-पांढरा पिळाचा दोरा, खाली गोंडा. वर्षभर तब्येत ठणठणीत राहावी म्हणून बांधायची, आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत काढायची नाही, नाहीतर आजारपण मागे लागतं; दिसलं की फुललेल्या झाडाला बांधून टाकायची. स्तामेना सकाळपासून सगळ्यांना बांधत सुटली. खारालांपीला बांधली, मिन्चोला दोन्ही हातांना बांधली, कॅमेऱ्याच्या तिवईलाही सोडलं नाही. मग रोजच्यासारखी कोल्हिणीचे केस विंचरायला बसली.

फिल्म धुऊन आली ती दहा तारखेला. सगळे लहान खोलीत पाहायला बसले. कोल्हीण गाडीत पडली, तिने पंजा उचलला, पहिला मासा उडाला, आणि त्या पंजात गोंड्यासकट लाल-पांढरा दोरा झुलला.

"थांबवा!" खारालांपी उठून उभाच राहिला. "हे काय आहे? मिन्चो, नऊ दिवस तुला दिसलं नाही?"

"मार्चात तो दोरा कुणाच्या डोळ्यांत भरतो?" मिन्चो म्हणाला. "सगळ्यांच्याच हातात असतो."

"स्तामेना मावशी!"

"अगंबाई," स्तामेना गालावर बोट ठेवत म्हणाली, "माझंच काम की हो. हाताला सवय. समोर पंजा आला, बांधली गेली असेल."

"बांधली गेली असेल! नऊ दिवस पाण्यात गेले, मावशी! मे महिन्यात मंजुरी देणारी समिती चित्रपट पाहणार आहे, त्यांना काय तुमची सवय दाखवू? कापा ती. उद्या पहिल्यापासून सुरू."

स्तामेनाने गळ्यात दोरीने लटकणारी कात्री काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या, तुम्हीच कापा. करकोचा अजून आलेला नाही. मला यंदा आजारी पडायचं नाही."

खारालांपीने कात्री घेतली. स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. कात्री मिन्चोपुढे धरली. मिन्चोने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझी आई अजून आहे," तो म्हणाला. "तिला काय तोंड दाखवू?"

दिवेवाल्याला नेमकी त्याच वेळी सिगारेटची तल्लफ आली आणि तो बाहेर सटकला.

"एक सुचवू का?" स्तामेना इतक्या गरीब आवाजात म्हणाली की तिला ओळखणाऱ्याने तिथेच सावध व्हायला हवं होतं. "गाडीच्या घोड्यालाही गाडीवानाने बांधली असेलच ना? शेपटीला. कोल्हीण मेल्यासारखी पडलीय, एक डोळा किलकिला करते, हळूच पंजा लांब करते आणि घोड्याची मार्तेनित्सा सोडवून स्वतःला बांधते. मग मासळी. दोन-तीन दिवसांचं जास्तीचं काम."

आधी मिन्चो हसला, मग बाकीचे. खारालांपी बराच वेळ गंभीर राहायची धडपड करत होता, पण ते काही त्याला जमलं नाही.

"पण मग ती शेवटपर्यंत पंजात राहणार," तो म्हणाला.

"राहणारच. शेवटी करकोचा उडवा, तिला ती फुललेल्या झाडाला बांधू दे. त्याच झाडावर नावं येतील, नाही का?"

"येतील."

"त्यात एक कल्पाकोवा येऊ दे."

"मावशी, ते नियमात बसत नाही."

"मग कात्री आहेच तुमच्या हातात."

खारालांपीने कात्री तिला परत केली.

शरदात चित्रपट लागला. घोड्याच्या शेपटीपाशी पोरं इतकी खिदळली की पुढचे दोन मासे कुणी पाहिलेच नाहीत. शेवटी करकोचा आला, झाड फुललं, आणि फांद्यांवर एकेक नाव उमटू लागलं. 'प्राण्यांची कातडी आणि केस: स्तामेना कल्पाकोवा.'

"गाडीवाल्याच्या वर!" दोब्रिना अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली. स्तामेना रडली, आणि आपण रडतोय हे तिने लपवलंही नाही.

दिवे लागल्यावर खारालांपी रांगेतून वाट काढत आला. त्याच्या हातात कोल्हिणीची ती मार्तेनित्सा होती.

"आठवण म्हणून ठेवली होती," तो म्हणाला. "काल गोंडा उसवला. आत तार निघाली, मावशी. बारीक, मऊ, बाहुल्यांच्या बोटांत घालतो ती. चित्रागणिक हवी तशी वाकवता यावी म्हणून."

"अगंबाई."

"हाताच्या सवयीने बांधलेल्या दोऱ्यात कुणी तार घालतं का? आणि नऊ दिवस ती वाकवणाऱ्या मिन्चोला पत्ता नाही?"

"मिन्चो कधी बोलतो का?" स्तामेना म्हणाली. तिने ती त्याच्या हातून घेतली, तार आत सारली, गोंडा नीट केला आणि त्याच्या कोटाच्या काजात अडकवून दिली.

मग तिने पर्स उचलू पाहणाऱ्या बहिणीला खाली ओढलं. "बस गं, दोब्रिना. दुसरा खेळ लागतोय."