टेपकाकांचा चालींचा कागद

गळ्यातला टेप आंघोळीपुरताच काय तो उतरायचा, म्हणून त्या शिंप्याचं नाव टेपकाका. तीस वर्षं ते बुद्धिबळात निवृत्त हेडमास्तरांकडून न चुकता हरत आले होते, आणि मास्तर ते न चुकता गावभर सांगत आले होते. मरायच्या आत एकदा तरी मास्तरांना हरवायचं, एवढाच काकांचा ध्यास.

अशात वाचनालयाने स्पर्धा ठेवली आणि अट घातली: प्रत्येक चाल कागदावर लिहायची. काकांना घाम फुटला. शेवटी दुकानात काजं करणाऱ्या काकूंनी नियम वाचून शिकवणी घेतली.

"अहो, शर्टाचं माप घेता ना? तसंच. रुंदीला अक्षर, ए ते एच. उंचीला आकडा, एक ते आठ. पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायचं. घोडा एफच्या पट्टीत तिसऱ्या घरात गेला, की लिहा 'घो एफ३'."

"आणि प्यादं?"

"त्याला अक्षर नाही, नुसतं घर. मारलं तर फुली, शह दिला तर अधिकचं चिन्ह."

"मरायला सगळ्यांत पुढे, आणि नावसुद्धा नाही?"

"तुमचं तरी खरं नाव कुणाला ठाऊक आहे? लिहा मुकाट्याने!"

काका शिकले. पण मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या खोडी टिपायची त्यांची जुनी सवय. ती इथेही आली.

अंतिम डाव मास्तरांशीच. काकांना पुढच्या चालीत मात दिसत होती, तोच मास्तरांचं कोपर लागलं आणि सगळी फौज जमिनीवर!

"अरेरे! आता बरोबरीच समजायची," मास्तर म्हणाले. त्यांच्या कागदावर पाचव्या चालीपुढे नुसत्या रेघोट्या. पंच होत्या ग्रंथपालबाई. त्यांनी काकांचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचत एकेक चाल पुन्हा मांडायला घेतली.

"'नववी. घोडा एफ३. मास्तरांची विजार मागे उसवलीय. बोलू नये.'"

हॉलमध्ये खसखस पिकली. मास्तर झटकन भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"'सोळावी. उंट फुली एफ७, शह. मास्तरांनी राजा एकदा हलवून परत ठेवला. मी खिडकीबाहेर बघितलं.'"

"हे नियमात बसत नाही!" मास्तर ओरडले.

"'तेविसावी. हत्ती ई१. काळा घोडा बी६. आता मास्तरांचं कोपर पटाकडे सरकतंय. म्हणजे मी जिंकतोय.'"

हसण्याने खुर्च्या हलल्या. पट मात्र जसाच्या तसा उभा राहिला होता. काकांनी हत्ती उचलून ई८ वर ठेवला. मात!

मास्तरांनी नाइलाजाने हात पुढे केला.

"थांबा मास्तर," पेन्सिलीला टोक काढत काका म्हणाले, "आधी लिहून घेतो."