सूज आतड्याला, पट्टी मनगटाला

भाकरी तव्यावर टाकून अक्का परसाकडे पळाल्या. त्या संध्याकाळी हे दुसऱ्यांदा होत होतं. त्यांच्या मागे मी भाकरी उलटायला गेले आणि ती करपली. बाहेरच्या पंगतीतून आवाज आला, "अक्का, वास येऊलालाय!"

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेऱ्यांमध्ये ठिकठिकाणाहून बदलून आलेली माणसं भरली होती. त्यात दुष्काळ. नळ कोरडे, टँकर आला तर पाणी. त्यामुळे बायकामुलं गावीच ठेवून माणसं एकटी राहायची आणि महानंदा अक्कांच्या खाणावळीत जेवायची. मी सरकारी दवाखान्यात नवीन मेडिकल ऑफिसर. पंगतीत सगळे पुरुष, म्हणून माझं ताट आत चुलीजवळ असायचं. बाहेर आमटी कमी पडली तर ती आधी माझ्या वाटीतून जायची, एवढा मान होता.

अक्का उदगीरकडच्या, लिंगायत, नवरा लवकर गेलेला. आधी शिवपूजा, मग पंगत, मग आपलं जेवण, असं त्या सांगायच्या. ते शेवटचं जेवण मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं.

परत आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक होता. टँकरचं पाणी असूनही त्यांनी हात साबण लावून नीट धुतले. मग फळीवरची एक बाटली काढली आणि झाकणभर औषध प्यायल्या.

"काय घेताय हे?"

"पाचकाचं हाय. गिरीशनं दिलंय."

गिरीश पंगतीतलाच, नांदेडचा, एमआर होता. एमआर म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं समजावणारा माणूस. सॅम्पलच्या बाटल्या त्याच्या बॅगेत कायम. मी उठून फळी पाहिली. एन्झाइमचं सिरप, एन्झाइमच्या कॅप्सूल, व्हिटॅमिनच्या गोळ्या, प्रोटीनच्या पावडरीचा डबा, इसबगोल. कोर्टातल्या भोसीकरांनी आणलेलं कसलंसं चूर्णही होतं. पंगतीतल्या प्रत्येकाने अक्कांच्या 'अशक्तपणावर' काही ना काही आणून दिलं होतं.

"कधीपासून होतंय असं?"

"लई दिवस झाले. मधी मधी थांबतंय की. हे सिरप सुरू केलं तवा तर महिनाभर एकदम बेस होते मी."

"रक्त पडतं?"

अक्कांनी दाराकडे पाहिलं. पंगतीत कुणी ऐकत नाही ना, ते बघितलं. मग नुसती होकारार्थी मान हलवली.

एन्झाइम म्हणजे पाचक रस. अन्न फोडून बारीक करणं हे त्यांचं काम. ज्याच्या शरीरात ते कमी तयार होतात, त्याला बाहेरून दिले तर फायदा होतो. पण आतड्याच्या आतल्या अस्तरालाच सूज असेल, जखमा असतील, तर पाचक रस तिथे काही करू शकत नाहीत. अक्कांचं दुखणं मला या दुसऱ्या जातीचं वाटत होतं. वाटणं आणि खात्री यात मात्र फरक असतो. ही जंतूंची हगवणही असू शकत होती, आणि ती स्वयंपाक करणाऱ्या हातांतून पसरते. आमच्या वॉर्डात आधीच गॅस्ट्रोचे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून होते.

"अक्का, तपासणीचे रिपोर्ट येईपर्यंत पिठाला हात लावायचा नाही."

"मग चूल कोण बघंल? तुमी? आत्ता बघितली की तुमची भाकरी!"

"अक्का, मी गंमत करत नाही."

त्या खाली बसल्या. "डॉक्टरीणबाई, खाणावळवालीलाच हगवण लागली म्हणल्यावर माझ्या हातचं कोण खाईल? ही माणसं उद्या दुसरीकडं जातील. मग मी कुठं जाऊ, उदगीरला? दिराच्या दारात?"

बाहेर कुणीतरी भाकरी मागत होतं. मी पर्समधून क्रेप बँडेज काढलं आणि अक्कांचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळला.

बाहेर जाऊन म्हटलं, "अक्कांचा हात मुरगळलाय. काही दिवस स्वयंपाक तुम्हीच करायचा."

मग भोसीकर उठले, शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले, "पीठ कुठं हाय?"

पुढचे दिवस मी विसरणार नाही. अक्का पाटावर बसून हुकूम सोडायच्या. झेडपीचे क्लार्क कांदा चिरताना रडायचे. भोसीकरांची भाकरी कधी गोल झाली नाही, पण फुगायची. आमटीत मीठ दोघांनी वेगवेगळं घातलं, तेव्हा सगळ्यांनी ताक मागून घेतलं. अक्का एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. घरापासून लांब पडलेली ती माणसं त्या आठवड्यात पहिल्यांदा एकमेकांची मुलंबाळं विचारताना मी ऐकली.

अक्कांना घेऊन मी आमच्या सरांकडे गेले. सर फिजिशियन, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोट तपासलं, मग हाताकडे पाहिलं.

"सूज आतड्याला आणि पट्टी मनगटाला?"

मी कारण सांगितलं.

"बँडेज दवाखान्याचं?"

"माझं स्वतःचं, सर."

"मग ठीक आहे. काढायची घाई करू नका."

शौचाची तपासणी पुन्हा पुन्हा केली. जंतू सापडले नाहीत. मग सरांनी दिव्याच्या नळीने आतडं आतून पाहिलं. अस्तर लालभडक, हात लागला तरी रक्त येईल असं. तिथला बारीक तुकडा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला तपासायला पाठवला. मला वाटलं तेच निघालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याची जुनाट सूज. संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. मी हे सांगितलं तेव्हा अक्कांनी एकच विचारलं, "म्हंजी भाकरी करू?"

"करा."

त्यांनी तिथल्या तिथे पट्टी सोडायला सुरुवात केली.

फळीवरच्या बाटल्या मी खाली उतरवल्या. गिरीशचा चेहरा पडला. "मॅडम, मी त्यांच्या भल्यासाठीच दिलं होतं." ते खरंच होतं. मी त्याला सांगितलं की सूज उतरवणाऱ्या ज्या गोळ्या लागतात, त्या लातुरात मिळत नाहीत. सोलापूरला गेला की तो त्या आणू लागला. त्याच्या कंपनीच्या नव्हत्या, तरी. सप्लिमेंटमधली दोनच ठेवली: रक्त गेलं होतं म्हणून लोह, आणि त्या गोळ्या फॉलिक अॅसिड कमी करतात म्हणून तेही.

अक्का हळूहळू जेवायला लागल्या. आधी मऊ भात आणि ताक, मग भाकरी कुस्करून. मग एका संध्याकाळी त्यांनी माझ्याशेजारी आपलं ताट वाढून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुखणं उलटलं. या वेळी त्यांनी लपवलं नाही. पंगतीसमोर उभ्या राहून आपल्या आतड्याला काय झालंय ते स्वतः सांगितलं, आणि ते कुणाला लागत नाही हेही. एक जण खाणावळ सोडून गेला. बाकीच्यांनी आमटी मागितली.

नंतर माझी बदली किनवटला झाली. अक्कांचं दुखणं कधी पूर्ण गेलं नाही, पण ताब्यात राहिलं. आजही कोलायटिस असलेलं कुणी पाचकाची बाटली दाखवून "हिनेच बरं वाटलं" म्हणतं, तेव्हा मी वाद घालत नाही. या दुखण्याचा स्वभावच चढउताराचा. उतरत असताना हातात जी बाटली असेल, श्रेय तिला मिळतं. आम्हा डॉक्टरांनाही त्यातलं थोडं फुकट मिळालं असणार.