पेनासाठी मागवलेली डाय

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. ही एक घटना मात्र कालच घडल्यासारखी आठवते.

मी सिंगापूर पोलिसांत तपास अधिकारी होतो. एका दुपारी वुडलँड्सच्या ठाण्यात ड्यूटीवरच्या सार्जंटने मला बोलावलं. “सर, ही बाई तुमच्याच भाषेतली. फार घाबरलीय.”

ती नाशिकची, सिंगापूरमधल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये इंजिनिअर. तिने फोनवर एक ड्रॉइंग दाखवलं. एका गिऱ्हाइकाने छोटी पोलादी डाय, म्हणजे आरपार भोक असलेला साचा, मागवली होती. म्हणे, हौशीने पेनं बनवायची आहेत.

“सर, कॉलेजात मी नेमबाजी करायचे. आमचे कोच जुन्या रायफलींचे वेडे. अशी डाय मी त्यांच्याकडे पाहिलीय. जुन्या नळीला आताची गोळी जाड पडली, तर यातून दाबून ती बारीक करतात.”

“मॅनेजरला सांगितलं?”

“तो म्हणाला, गिऱ्हाईक पैसे देतंय, तुला काय करायचंय! सर, माझं नाव कळलं तर नोकरी जाईल. मग इथे राहायचा वर्क पासही जाईल.”

“तुमचं नाव मी कुणालाही कळू देणार नाही,” मी म्हणालो.

मशीन शॉपमध्ये पोलीस पाठवला असता तर बोट तिच्याकडेच वळलं असतं. म्हणून डाय होऊ दिली. गिऱ्हाइकावर पाळत ठेवली आणि तो ती घेऊन हौगांगला घरी पोचल्यावर त्याच्या इमारतीखाली अडवलं.

माणूस पन्नाशीचा, मृदू बोलणारा. घरात पेनं बनवण्याचं सामान खरोखरच होतं. चौकशीत तो लाकूड, शाई, निब यांवर बोलतच राहिला. मी बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये. तो दमला की काम सोपं होतं.

मग त्याचंच सामान टेबलावर मांडलं, शेजारी डाय ठेवली. “यातला कुठला भाग या डायमधून जातो, तेवढं दाखवा.”

त्याने एक नळी लावून पाहिली, मग दुसरी. एकही जाईना.

“मग काय जातं यातून?”

त्याने पाणी मागितलं. प्यायला आणि हळूच म्हणाला, “रायफलचं माझ्या बायकोला माहीत नाही.”

आजोबांची जुनी रायफल स्टोअररूममध्ये चादरीत गुंडाळलेली मिळाली. जवळच्या डब्यात काडतुसांचं सामान होतं. तो ती विकणार होता आणि घेणाऱ्याची अट एकच होती, ती चालली पाहिजे. घेणाराही सापडला. सख्ख्या भावाशी या घेणाऱ्याचं वैर होतं आणि रायफल त्याला मारण्यासाठीच हवी होती, हे त्याच्या जबाबात आलं. दोघांना मोठ्या शिक्षा झाल्या. तो भाऊ आज हयात आहे.

पोलीस बहुतेक वेळा रक्त सांडल्यावर पोचतो. या वेळी आम्ही आधी पोचलो, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्याहून जास्त अभिमान तिचा वाटतो. परक्या देशात, पोटावर पाय येईल हे माहीत असून, ती ठाण्याची पायरी चढली होती. माणसाचं धाडस त्याच्या घाबऱ्या आवाजावरून जोखू नये, हे मी तिच्याकडून शिकलो.

निकालानंतर तिचा फोन आला. “सर, माझं नाव कुठे आलं नाही ना?”

“नाही.”

“मग आईला तरी सांगू का?”

“एवढंच सांगा, की तुझ्या मुलीने आपलं काम चोख केलं.”