खैतानच्या खोलीतले दोन गीतकार

लोकगीतं लिहिण्यावरच माझं घर चालतं, असं आज मी सांगू शकतो. पण माझं पहिलं गाणं बाजारात आलं त्याआधी मी एक वाईट काम केलं होतं. तेही सांगायला हवं.

कुवेतला खैतानमध्ये आम्ही सहाजण एका खोलीत राहत होतो, सगळे रत्नागिरीकडचे. माझ्या शेजारच्या खाटेवर माझ्या पलीकडच्या गावचा एक वेल्डर होता. आम्ही दोघंही शुवैखच्या एकाच वर्कशॉपात होतो, तो आगीपाशी आणि मी स्टोअरमध्ये वहीपाशी. दोघंही गाणी लिहायचो. गणपतीत पायांत घुंगरू बांधून जाखडी नाचतात, त्या नाचाची गाणी. माझं शिक्षण बारावीपर्यंत, त्याचं सहावीपर्यंत. मी मात्रा मोजून लिहायचो. तो शुक्रवारी कपडे धुताना गुणगुणायचा आणि नंतर कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. पुष्कळदा माझ्याकडूनच.

नव्वद सालच्या सुरुवातीला आमच्यातला एकजण सुटीवरून परतला, तो एक कॅसेट घेऊन. मुंबईच्या एका संगीतकाराने वेल्डरचं गाणं घेतलं होतं. कव्हरवर त्याचं नाव छापलेलं होतं.

पत्रात काय लिवू गो राणी, वाचणारी शेजारीण,
तुझ्यासाठी जे लिवायचं ते पोटातच ठेवीन.

आमच्यातल्या निम्म्यांच्या बायकांना वाचता येत नव्हतं. एकजण उठून गॅलरीत गेला तो बराच वेळ आत आलाच नाही. मी वेल्डरच्या पाठीवर थाप मारली, “शाब्बास!” म्हणालो आणि मनात म्हणालो, हे अक्षर माझं आहे. मीच लिहून दिलंय हे. लिहून देताना मला ते गाणं साधं, गावंढळ वाटलं होतं. त्याच संगीतकाराला मी तीनदा गाणी पाठवली होती. एकदाही उत्तर आलं नव्हतं.

त्यानंतर मला त्याचं काहीच सोसेना. त्याचं हसणं, जेवताना ताल धरणं, वर्कशॉपातल्या लोकांनी त्याला “कवी” म्हणून हाक मारणं. मी रोज लिहायला बसायचो आणि प्रत्येक ओळ त्याच्या ओळीशेजारी ठेवून बघायचो. माझी ओळ नेसून सवरून बसलेली असायची. त्याची चालत यायची.

कंपनीच्या पेटीतून टपाल आणून वाटायचं काम माझ्याकडे होतं. जून महिन्यात संगीतकाराचं पत्र आलं, वेल्डरच्या नावाने. मी ते स्टोअरमध्ये बसून फोडलं. “गणपतीच्या आधी नवी कॅसेट काढतो आहे. आपली आणखी चार गाणी हवीत. पंधरा दिवसांत पाठवावीत.” मी पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं आणि पाकीट माझ्या बॅगेत. उद्या देऊ, असं रोज म्हणत पंधरा दिवस जाऊ दिले. सोळाव्या दिवशी मला हलकं वाटलं. खरं तेच सांगतो.

ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले. वर्कशॉप बंद झालं, टपाल बंद झालं. काही दिवस खोलीत डाळ-भातावर काढले आणि मग बसने बसराहून बगदाद आणि तिथून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत आलो. वाळवंटात तंबू होते, पाण्याला रांग होती. गणेश चतुर्थी तिथेच आली. संध्याकाळी कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवायला घेतला आणि सगळ्यांनी वेल्डरला उभं केलं. तो गायला लागला तशी पन्नास-साठ माणसं वाळूत फेर धरून नाचली. धुळीत, उपाशीपोटी. मी बाजूला बसलो होतो. जीव वाचेल की नाही ठाऊक नव्हतं आणि मी जळत होतो, की हे लोक माझ्या गाण्यावर नाचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या रांगेत मी त्याच्या हातात पाकीट दिलं.

“हे काय?”

“तुझं पत्र. जूनपासून माझ्याकडे आहे.”

त्याला वाचायला वेळ लागला. ओठ हलवत त्याने दोनदा वाचलं.

“हरवलं होतं का तुझ्याकडनं?”

“नाही. ठेवलं होतं.”

तो मला मारेल असं वाटलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, “माझं गाणं वाईट असतं तर दिलं असतंस ना लगेच?”

मी होकारार्थी मान हलवली. अम्मानहून विमानात बसेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

मुंबईत तो परस्पर संगीतकाराकडे गेला. गणपतीची कॅसेट दुसऱ्याच कुणाच्या गाण्यांवर निघाली होती, पण संगीतकाराने त्याला ठेवून घेतलं. तो परत आखातात गेला नाही. मी गेलो. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात कुवेत मोकळं झालं होतं, पण तेलविहिरी जळत होत्या. वारा फिरला की भर दुपारी दिवे लावावे लागायचे आणि दोरीवरचे कपडे काळ्या ठिपक्यांनी भरायचे. खोलीत आता वेल्डर नव्हता. तरी त्याचाच विचार करत मी एक गाणं लिहिलं, पहिल्यांदाच मात्रा न मोजता.

दुपारच्याला दिवा लावलाय, सूर्य गेला कुठं गो.

पुढच्या ओळीत मात्र माझ्या लेखणीने पुन्हा जरतारी नक्षी काढलीच: स्मृतीची ज्योत, अंतरीचं मंदिर. तसंच संगीतकाराला पाठवून दिलं.

उत्तर संगीतकाराचं आलं नाही. पत्र आलं ते कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, खाली वेल्डरची वेडीवाकडी सही. “गाणं मला दाखवलं. पहिली ओळ चांगली आहे. दुसरी काढ. तिथे हे घाल: आय लिवते उन्हात फिरू नको, ऊन आणू कुठनं गो. नाव तुझंच राहील.”

पत्र वाचून मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी “चालेल” एवढंच लिहून पाठवलं.

ते गाणं खूप चाललं. त्याच्यावरच मला पुढची कामं मिळाली, नोकरी सुटली, गीतकार म्हणून नाव झालं. अजून लग्नाकार्यात माणसं भेटतात आणि मला खूश करायला त्यातली एक ओळ म्हणून दाखवतात. दर वेळी ती त्याचीच ओळ असते. मी हसून हात जोडतो.