पिंपकाका: प्रसाराचं दुय्यम माध्यम

वर्णन: पुरुष. वय सत्तरीच्या पुढे. उंची मध्यम, बांधा पिंपासारखा, वर्ण उन्हाने ठरवलेला. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याला नख नाही, बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवण्याची सवय. व्यवसाय: तरंगत्या जेट्या बांधणे. सध्या निवृत्त, मात्र हे सदर इसमास मान्य नाही. परकी शिंपली या किनाऱ्यावर कशी पसरली याविषयी सागरी संशोधन केंद्राने केलेल्या अहवालात सदर इसमाचा उल्लेख ‘प्रसाराचं दुय्यम माध्यम’ असा येतो.

माध्यम म्हटल्याचं पिंपकाकांना फारसं वाईट वाटलं नाही. दुय्यम म्हटलेलं लागलं.

पिंपकाका हे अर्थातच जन्मनाव नाही. पण जन्मनावाने चौकशी केली तर किनाऱ्यावर कुणी घर दाखवणार नाही. तरुणपणी ते मोठ्या बंदरात सुतार होते. तिथले तरंगते धक्के प्लास्टिकच्या पिंपांवर उभे असत, आणि पिंपं जुनी झाली की बंदर ती फेकून देई. काकांना फेकलेली वस्तू बघवत नाही. काकूंच्या मते हा रोग आहे आणि त्याचा पुरावा मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेला आहे. काकांनी ती पिंपं मागून घेतली, एकामागे एक दोरीला बांधली आणि मोटरबोटीमागून ओढत ओढत लहान लहान खाड्यांत नेली. तिथे त्यांवर फळ्या ठोकल्या. जिथे माणसं मांडीभर चिखल तुडवत होडीत चढायची, तिथे ती चपला न काढता चढू लागली. अशा सात जेट्या झाल्या.

त्यांचं जेटीशास्त्र एका वाक्यात मावायचं: पिंप खरवडू नये. बंदराच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या पिंपाच्या पोटाला शिंपल्यांचा जाड थर बसलेला असे. दुसऱ्या कुणी आधी तो काढला असता. काका म्हणायचे, “अरे, फुकटचं वजन आहे ते. बूड जड असलं की जेटी डोलत नाही. माणसाचंही तसंच असतं.” आणि खरंच त्यांची जेटी डोलत नसे. म्हातारी माणसं दोन्ही हातांत सामान घेऊन तिच्यावरून घरातल्यासारखी चालत.

सून सागरी संशोधन केंद्रात नोकरीला आहे. समुद्रात पाहुणा कोण आला, कधी आला आणि कुणाचं बोट धरून आला, हे शोधणं तिचं काम. त्या वेळचा पाहुणा म्हणजे काळपट हिरवी, बोटभर लांबीची एक परकी शिंपली. ती जहाजांच्या बुडाला चिकटून मोठ्या बंदरात आली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कोडं पुढचं होतं. जहाज सोडाच, जहाजाची सावलीही कधी पडली नाही अशा उथळ खाड्यांत ती दिसू लागली होती, आणि ती आली तिथे इथल्या शिंपल्यांना जागा उरत नव्हती. त्या वेचून पोट भरणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतत होत्या.

जेवताना या विषयावर सगळ्यांत जास्त काकाच बोलत.

“श्रीमंतांच्या शिडाच्या बोटी! हवा खायला येतात आणि घाण टाकून जातात. लिही तुझ्या अहवालात.”

“बाबा, दोन खाड्यांत तर शिडाची बोट शिरूच शकत नाही. तिथेही सापडल्यात.”

“मग पक्षी.”

“पक्ष्याच्या पायाला एवढी शिंपली?”

“मनात आणलं तर काय होत नाही! तू फक्त चोर शोध गं. पुढचं मी बघतो.”

मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, फ्रिज दुरुस्त करतो आणि घरात शक्यतो बोलत नाही. तो म्हणाला, “मीठ द्या.”

केंद्राची बोट कायम दुरुस्तीला असते, म्हणून सुनेला खाड्या दाखवायला काकाच आपली बोट घेऊन जात. सून कमरेभर पाण्यात उतरायची, तारेची एक चौकट खडकावर ठेवायची आणि चौकटीत किती शिंपल्या आहेत ते मोजायची. खाडी कुठलीही असो, उत्तर एकच. जेटीखाली परक्या शिंपल्यांची नुसती दाटी; जेटीपासून दूर जावं तशी विरळ; खाडीच्या तोंडाशी खडक मोकळे. वर फळीवर काका उभे.

“बघ, हलते का? नाच हवं तर!”

सून खालून जेटीकडे बघत राहायची. खालून बघणाऱ्याला नाचावंसं वाटेल असं काही तिथे नव्हतं.

तरी तिने तोंड उघडलं नाही. शिंपल्या कुठूनही आल्या असत्या, तरी सावलीला म्हणून जेटीखालीच जमल्या असत्या, माणसंही जमतात. एवढ्यावरून सासऱ्यांवर आळ घ्यायचा, हे शास्त्रालाही धरून नव्हतं आणि संसारालाही. सहा खाड्या झाल्यावर ती म्हणाली, “आता सातवी.”

“तिकडे काय बघायचंय?” काका उखडले. “तिला माझी जेटी म्हणू नकोस. जन्मात एकच काम बिघडलं, तेही नेमकं सासुरवाडीत.”

शेवटी ती नवऱ्याला घेऊन गेली. काकूंच्या माहेरची ती जेटी अशी काही डोलत होती की नवरा दोन पावलं टाकून खालीच बसला. सून पाण्यात उतरली. पिंपांना हिरवट शेवाळ होतं, चार-दोन इथल्याच शिंपल्या होत्या. परकी एकही नाही. खडकांवरही नाही. सावली मात्र बाकीच्या जेट्यांइतकीच होती.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, “आई, तुमच्या माहेरची जेटी वेगळी कशी हो?”

हा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून काकू इतकी वर्षं थांबल्या असाव्यात.

“वेगळी नसेल तर काय! हे निघाले होते तसलीच बरबटलेली पिंपं घेऊन. म्हटलं, माझ्या भावाच्या दारात ही घाण नेणार? माझं नाक कापायला? सगळी अंगणात आणायला लावली. उन्हाळाभर वाळवली, खरवडली, घासली, वर निळा रंग दिला. शेजारी विचारायचे, लग्न आहे का घरात?”

“आणि म्हणून डोलते,” काका म्हणाले. “वजनच गेलं सगळं. हिचा भाऊ अजून टोमणे मारतो मला. भाऊजी, जेटी बांधलीत की पाळणा?”

“म्हणजे बाकीच्या सहा जेट्यांची पिंपं,” सून सावकाश म्हणाली, “बंदरातून तशीच आली? ओलीच्या ओली?”

“तशीच! पाण्यातूनच ओढत आणली ना. वाटेत एक शिंपली पडू दिली नाही मी...”

वाक्य ऐटीत निघालं होतं, ते मध्येच बसलं. मुलाने वर पाहिलं. काकांनी हातातला घास ताटात ठेवला.

“चोराच्या उलट्या बोंबा,” काकू म्हणाल्या. म्हणी त्यांच्याकडे कायम तयार असतात. वेळ बघून वापरायची पद्धत नाही.

“बाबा,” सून म्हणाली, “हे अहवालात आलं तर त्या सहाही जेट्या पाण्याबाहेर काढायला लावतील.”

“आणि नाही आलं तर?”

“तर शिंपल्या पलीकडच्या खाड्यांतही जातील. तिथल्या लोकांनी तुमच्यासारखीच पिंपं मागितलीत बंदराकडे.”

काका उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतर काही दिवस त्यांनी कुणाच्याही शर्टाचं बटण धरलं नाही. घरच्यांना ते आजारपणापेक्षा जास्त काळजीचं वाटलं. मग एका सकाळी ते अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन सुनेसमोर बसले. तो त्यांनी कुठून मिळवला, हे कुणी विचारलं नाही. घर लहान आहे.

“लिहिलंस ते बरोबर आहे. पण हे दुय्यम काढ.”

“दुय्यम म्हणजे हलकं नाही हो, बाबा. पहिलं माध्यम जहाजं, म्हणून तुम्ही दुसरे.”

“जहाजांनी एका बंदरात आणली. सहा ठिकाणी कुणी नेली? सांग ना!”

सुनेने ही हरकत खरोखरच केंद्राच्या प्रमुख बाईंपुढे ठेवली. बाईंनी बढती नाकारली.

जेट्या काढायला केंद्राने कंत्राटदार नेमला. त्याच्या माणसांना पहिल्याच जेटीच्या गाठी सुटेनात, तेव्हा त्यांनी करवत आणली. बातमी कळताच काका बोट घेऊन पोचले.

“करवत लावायची नाही. गाठी माझ्या आहेत, मीच सोडणार.”

सहाही जेट्या त्यांनी आणि मुलाने मिळून सोडल्या. पिंपं किनाऱ्यावर उलटी टाकली. उन्हात शिंपल्यांनी तोंडं उघडली आणि वास सुटला. गावकरी नाकाला रुमाल लावून भोवती उभे राहिले.

“काका, म्हणजे आता पुन्हा चिखलातून?”

“पुन्हा चिखलातून.”

“आणि ह्याने शिंपल्या जातील?”

“ते सुनेला विचारा. मला फक्त न्यायचं माहीत, घालवायचं नाही.”

सुनेचं उत्तर अहवालात आहे: खडकांवर बसलेल्या शिंपल्या जाणार नाहीत, पुढचा प्रसार मंदावेल.

शेवटच्या खाडीत शिंपल्या वेचणारी एक म्हातारी होती. जेटी बांधली तेव्हा पहिलं पाऊल तिनेच टाकलं होतं. ती पिंपांकडे बघून म्हणाली, “आमच्या शिंपल्या गेल्या, आता जेटीही गेली. दोन्ही तुमच्याच हातून.” तिच्या आवाजात भांडण नव्हतं. काकांनी दोरी गुंडाळली आणि नीट गुंडाळलेली असूनही सोडून पुन्हा गुंडाळली.

अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात सातव्या खाडीतली जेटी ‘जैवदृष्ट्या निर्धोक व सर्वार्थाने अनुकरणीय’ ठरवलेली आहे. इतर खाड्यांत नव्या जेट्या बांधताना तिचाच नमुना वापरावा, पिंपं आधी वाळवून खरवडावीत, आणि या कामी सदर इसमाचं मार्गदर्शन घ्यावं, अशी शिफारस आहे. मेव्हण्याने तो परिच्छेद मोठ्या अक्षरांत छापून जेटीच्या खांबाला लावला. काका काकूंना घेऊन तो वाचायला गेले. ‘सर्वार्थाने’पर्यंत एका हाताने खांब धरून वाचलं, पुढचं दोन्ही हातांनी.

जेटी अजून डोलते.