अर्ध्यात विरलेली चमकी

स्टुडिओत कंप्युटर नवा होता, ते दिवस अजून आठवतात. सिंदी मेघेतल्या आमच्या त्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम मी सजवायचे. एका नवरीच्या फोटोवर सोनेरी चमकी टाकली आणि कंप्युटरमधला खोडायचा इरेझर हलका ठेवून ती चेहऱ्याकडे विरळ करत नेली. त्यातच माझी दुपार गेली. संध्याकाळी भाजीबाजार आटोपून नवरीची आई फोटो पाहायला आली.

"काऊन बाई, चमकी अर्ध्यातच सरली?"

"मावशी, पोरीचं तोंड दिसावं म्हणून कमी केली."

"तोंड तं साऱ्याईनं पाह्यलं. सासरचे म्हणतीन, मायनं हात आखडला."

मग मी चेहरा तेवढा सोडून कडेपर्यंत चमकी भरली. मावशींनी पदरानं मॉनिटरची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"आता कशी भरल्या घरची दिसते!"